अडीच

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आमच्या दादरच्या घरात रोज आकडेमोड सुरू होते. शाळेची व्हॅन सात दहाला खाली येऊन उभी राहते, व्हॅनवाले काका दोनदा हॉर्न वाजवतात, आणि त्या वेळी साडेचार वर्षांची आमची चिऊ उंबऱ्यावर बसून एक मोजा पायात आणि दुसरा हातात घालून हातातल्या मोज्याशी गप्पा मारत असते. त्या मोज्याचे नाव ससोबा. ससोबाला आज शाळेत जायचे नसते. मग मी कमरेवर हात ठेवून, आवाजात शक्य तेवढी जरब आणून म्हणतो, "मी तीन म्हणेपर्यंत मोजा पायात गेला पाहिजे. एक... दोन..." चिऊ माझ्याकडे पाहते, मी तिच्याकडे पाहतो, आणि मग माझ्याच तोंडून निघते, "सव्वादोन... अडीच... पावणेतीन..."

ज्या भाषांत अपूर्णांकांना अशी सुटसुटीत नावे नाहीत, त्या भाषांतले आईबाप दोननंतर कसे तग धरतात कोण जाणे. माझ्या आईच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे सगळे पाढे घोकले होते, आणि औट म्हणजे साडेतीन हे तिला आजही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. माझी ही कसरत ऐकून ती स्वयंपाकघरातूनच म्हणते, "अरे, पावणेतीनवर काय अडलास, औटापर्यंत जा!" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ज्या समाजात मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन आणि पेशवाईतले शहाणेही साडेतीन, त्या समाजातल्या मुलीने नुसत्या तीनला का भ्यावे?

पण एका पावसाळी रविवारी चिऊनेच तो प्रश्न विचारला. आम्ही सगळे जेवत होतो, तिने भाताचा घास गालात धरून ठेवला होता, आणि मी अडीचला पोहोचलो होतो. घास तसाच ठेवून ती म्हणाली, "बाबा, तीन झाल्यावर काय होतं?" तिच्या आवाजात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. पावसाचे पाणी कुठे जाते, पाल भिंतीवरून पडत का नाही, याच सुरात तिने हेही विचारले होते. तिला खरोखरच माहिती हवी होती, आणि ती माहिती आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

बायको म्हणाली, "मग मी तुझ्याशी बोलणार नाही." मी म्हणालो, "मग संध्याकाळी बागेत जायचं नाही." आई म्हणाली, "मग पोलीस येऊन घेऊन जाईल." एकाच आकड्याचे तीन अर्थ एका दमात ऐकून चिऊने घास गिळला, तो बहुधा आश्चर्याने.

बायकोचे मौन फार तर "आई, मला शू आली" एवढ्या एका वाक्यापर्यंत टिकते. माझी शिक्षा तर माझ्यावरच उलटते, कारण सव्वाचारशे चौरस फुटांच्या घरात, दिवसभराची शक्ती न संपवलेले मूल सोफ्यावरून दिवाणावर आणि दिवाणावरून सोफ्यावर उड्या मारू लागले की बागेचे दार आपण कशासाठी बंद केले होते याचा विसर पडतो. आईच्या पोलिसाबद्दल मात्र मी तिच्याशी वाद घातला, एरवी मी तिच्या वाटेला जात नाही तरी. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता आपला हात सुटून हे मूल गर्दीत हरवले, तर त्याने पहिल्यांदा ज्याच्याकडे धावत जायला हवे तो माणूस खाकी गणवेशातलाच असणार. त्याच गणवेशाचा बागुलबुवा आपण घरात उभा केला तर ते त्याला पाहून उलट्या दिशेने पळेल. आईने थोडा वेळ विचार केला आणि पोलिसाच्या जागी नुसता बुवा ठेवला. चिऊला आता १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा आकडा आणि माझा मोबाइल नंबर दोन्ही पाठ आहेत, तीनचा अर्थ मात्र अजून धूसर आहे.

आमच्या खिडकीच्या जाळीवर कबुतरे येऊन बसतात. दादरला कबुतरांचे अप्रूप नाही, तरीही एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे पाहताना मला कॉलेजात वाचलेले बी. एफ. स्किनर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आठवले. त्यांच्या प्रयोगांत पेटीतल्या कबुतराने चकतीवर चोच मारली की त्याला दाणा मिळे. प्रत्येक चोचीला दाणा मिळत असेल आणि मग तो अचानक बंद झाला, तर कबूतर लवकरच नाद सोडते. दाणा कधी चौथ्या चोचीला, कधी विसाव्या चोचीला असा बेभरवशाने मिळत असेल, तर तो बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारतच राहते. हे आठवले आणि आदल्या रात्रीचे जेवण डोळ्यांसमोर आले. चिऊने कार्टूनसाठी मोबाइल मागितला होता, मी नऊ वेळा ठामपणे नाही म्हणालो होतो, आणि दहाव्यांदा, ऑफिसचा निरोप लॅपटॉपवर वाचायचा होता म्हणून, मोबाइल तिच्या हातात दिला होता. मोबाइल दहा वेळा मागायचा असतो, एवढेच तिने त्यातून टिपून घेतले असणार. शिवाय दाणा बंद झाला की चोच आधी जोरजोरात आपटू लागते आणि मग कुठे मंदावते, तसेच मुलाचे रडणेही थांबण्यापूर्वी एकदा टिपेला जाते, आणि तुमच्याआमच्यासारखे बहुतेक आईबाप नेमके त्या टिपेलाच शरण जातात.

माझ्या लहानपणी चाळीत असला विचार कोणी केला नाही. तिथे वडिलांनी डोळे वटारले की पुरे होत असे, आणि ते घरी नसतील तर गॅलरीतल्या कोणत्याही काकू तेवढेच डोळे वटारू शकत असत. धपाट्यांचा हिशेब कोणी ठेवत नसे. पण त्याच काळाच्या कितीतरी आधी, १९३६ साली, याच दादरमध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी शिशुविहार ही लहान मुलांची शाळा सुरू केली होती. त्याआधी भावनगरच्या ज्या बालमंदिरात त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर काम केले, तिथे मुलांना मारणे तर सोडाच, त्यांना बक्षिसाची लालूच दाखवणेही मान्य नव्हते. शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला कायद्याने मनाई व्हायला मात्र आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा यावा लागला, आणि त्यातले १७ वे कलम शाळेपुरतेच आहे. स्वीडनने घरातल्या मारालाही १९७९ सालीच बंदी केली. आपल्या घराच्या दाराआड अजून ज्याचा त्याचा हात आणि ज्याचा त्याचा विवेक. माझाही हात एकदा उठला होता. चिऊने भरलेला दुधाचा पेला मुद्दाम, माझ्या डोळ्यांत पाहत, आडवा केला आणि मी तिच्या दंडावर फटका मारला. रडण्याआधी ती क्षणभर माझ्या हाताकडे पाहत राहिली, माझ्या तोंडाकडे नाही. फरशी पुसताना मला त्या हाताची लाज वाटत होती.

त्या दिवशी ती दुपारी झोपली नव्हती, हे मला रात्री कळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाला, दुपारची डुलकी धरून, १० ते १३ तास झोप हवी असे म्हटले आहे. मुंबईतल्या घराने हे गणित कसे बसवावे? आम्ही दोघे लोकलमधून उतरून घरी पोहोचेपर्यंत आठ वाजतात, दिवसभर आमची वाट पाहिलेली मुलगी साडेदहाच्या आत डोळा मिटायला तयार नसते, आणि सकाळी साडेसहाला तिला उठवावे लागते. दुपारची झोप हुकली की हिशेब आठ तासांवर येतो. अशा मुलाच्या हट्टाला आपण स्वभाव म्हणतो. ससोबाला शाळेत जायचे नसते तेही बहुधा झोप झालेली नसते म्हणूनच. हे कळल्यापासून मी तिच्यावर कमी ओरडतो असे नाही, पण ओरडल्यावर घड्याळाकडे पाहतो.

एका वस्तूशी मात्र ती कधीच हुज्जत घालत नाही, आणि ती म्हणजे न्हाणीघरातला नळ. आमच्या जुन्या इमारतीत पालिकेचे पाणी पहाटे येते आणि सातच्या आधी जाते. शहापूरकडच्या भातसा-तानसाच्या तलावांतून इतका लांबचा प्रवास करून आलेल्या त्या पाण्याखाली चिऊ प्लास्टिकचा मग धरून बसते, नळ एकदा फुस्स करतो, थरथरतो आणि बंद पडतो. "गेलं," एवढेच म्हणून ती टॉवेल मागते. रडणे नाही, "अजून एकदा" नाही, आजीकडे अपील नाही. नळ सव्वादोन म्हणत नाही. मला त्याचा हेवा वाटतो, जरी त्याला रात्री गोष्ट सांगावी लागत नाही आणि ताप आला की उशाशी बसावे लागत नाही, हेही खरे.

तर गेल्या आठवड्यात मी थोडा नळ व्हायचे ठरवले. शिवाजी पार्कजवळच्या बागेत जाण्यापूर्वी, घरातच, चपला घालताना चिऊला सांगितले की निघायची वेळ झाली की घसरगुंडीवरून फक्त तीनदा घसरायचे आणि मग घरी. पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेनंतर तिने वाळूत फतकल मारली आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असा सूर लावला. बाकावरचे आजोबा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागले की जणू मी कोणाचे तरी मूल पळवून नेत होतो. मी अपूर्णांक गिळले, तिला उचलले आणि भेळवाल्याच्या समोरून, तिच्या लाथा पोटावर घेत, घरी आणले. दुसऱ्या दिवशी सूर थोडा खाली होता. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच मोठ्याने मोजले, एक झाले, दोन झाले, आणि तिसऱ्या खेपेला ती वरून सुटली आणि निम्म्या वाटेवर दोन्ही काठ घट्ट धरून, टाचा रोवून थांबली.

"बाबा," तिथूनच ती म्हणाली, "आत्ता अडीच झालं."

मागे शिडीवर चार मुले खोळंबली होती. मी खाली उभा राहिलो, आणि तिचे हात दुखायची वाट पाहू लागलो.