इंदूर ते महेश्वर, व्हाया तौलकाटा

इंदूरहून महेश्वर ९०-९५ किलोमीटर. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालं की दुपारचं जेवण नर्मदेकाठी, हा आमचा नेहमीचा हिशेब. यंदा निघायलाच दोन वाजले. सकाळ देवास नाक्याजवळच्या तौलकाट्यावर, म्हणजे गाड्यांचं वजन करायच्या काट्यावर गेली.

आदल्या संध्याकाळी पिकअपला आमची जुनी विकत घेतलेली कॅरव्हॅन, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडून बायपासवर चक्कर मारली होती. साठच्या पुढे गेलं की मागचं धूड डावी-उजवीकडे झुलायचं, वेग उतरवला की गप्प. मी टायरची हवा बघत बसलो. आई मागून निरखत म्हणाली, "अरे, गाडी उलाळ झालीय तुझी." आईचं माहेर शेतीवाडीचं. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचललं जातं, तसं. मी हसलो. हसायला नको होतं.

काट्यावर तीनदा वजन करायचं असतं: आधी नुसती पिकअप, माणसं-सामानासकट. मग कॅरव्हॅन जोडून, पण तिची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून. शेवटी सगळी वरात काट्यावर. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की पिकअपच्या मागच्या हुकवर किती भार येतो ते कळतं, तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की कॅरव्हॅनचं वजन.

पहिलं वजन २३१०. कॅरव्हॅन जोडून दुसरं केलं, तर २२९०! खिडकीतला पोरगा म्हणाला, "भिया, ट्राली जोड़ी तो गाड़ी हल्की हो गई?" मी पावती उलटसुलट करून पाहिली. तेवढ्यात समोरच्या टपरीवर आई चहाची बशी फुंकताना दिसली. ऊन लागत होतं म्हणून मधेच उतरली होती. तिला पुन्हा बसवलं, चहासकट. आता २३५०. सगळं मिळून ३२१०.

म्हणजे कॅरव्हॅन ९०० किलोंची आणि हुकवर त्यातले फक्त ४०, साडेचार टक्केसुद्धा नाहीत. अमेरिकेत पिकअपमागे ओढणारे १० ते १५ टक्के धरतात, ब्रिटनमधले कॅरव्हॅनवाले ५ ते ७. आमचा आकडा दोन्हीकडे नापास. त्याहून कमी भार म्हणजे मागचं डोलणं, फार जास्त म्हणजे पिकअपचं बूड दबून पुढची चाकं हलकी आणि स्टिअरिंगवरचा ताबा कमी. शिवाय हुकवरचा भार पिकअपच्याच वजनात मोजला जातो, हे बरेच जण विसरतात. या काट्याचा आकडा दहा-दहा किलोंनी सरकतो, त्यामुळे ४० म्हणजे ३० किंवा ५०ही असू शकतात. पण पिकअपच्या हिशेबाने तेही कमीच.

दोष उघड होता. पाण्याची ६० लिटरची टाकी अगदी मागे, म्हणजे ६० किलो तिथेच. तिच्याशेजारी गॅसचा सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस, आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्यावर लिहिलेलं असतं. दोन्ही मिळून आमचा तीसच्या आसपास. मी इतकी वर्षं ती अक्षरं पाहिली होती, वाचली नव्हती. टाकी तिथल्याच कडुनिंबाला रिकामी केली, सिलिंडर चाकांच्या पुढे आणून पट्ट्याने आवळला. पुन्हा तीच कवायत. या वेळी आईला आधीच बजावलं. पिकअप जोडलेली २४१०, सगळं मिळून ३१५०. हुकवर १००, कॅरव्हॅन ८४०, म्हणजे जवळपास बारा टक्के. हुकची मर्यादा आणि आरसीवरचं कमाल वजन, दोन्हींच्या आत.

राऊ, महू झरझर मागे पडले. मानपूरपुढचा उतार मी खालच्या गिअरमध्ये उतरलो, पायाने ब्रेक अधूनमधून. त्या रस्त्यावरच्या गणपती घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या बातम्या इंदूरकराला सांगायला नकोत. कॅरव्हॅनला स्वतःचे ब्रेक आहेत, तरी मन धास्तावलेलं. मागे वळून पाहिलं की धूड सरळ रेषेत येत होतं, शहाण्या बैलासारखं.

महेश्वरला नदीच्या घाटाजवळ पोचलो तेव्हा अहिल्येश्वराच्या आरतीची वेळ झाली होती. बायकोने टाकी भरून घ्यायला सांगितली, भांडी घासायची होती.

"अर्धीच भर," आई म्हणाली, "आणि सकाळी निघताना आठवणीने ओतून टाक."