आमची वाटचाल : पोयीपासून नीरफणसापर्यंत

आमच्याकडे पिझ्झ्याचा नवा बेस तयार झाला की पहिला तुकडा आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, ताटलीत जातो. वर सॉस नाही, चीज नाही, लोणीसुद्धा नाही. त्यांनी तो चहाबरोबर संपवला तर पुढे जायचं. अर्धा ठेवला तर तो बेस विकायचा नाही. हा नियम धंद्याच्या दुसऱ्या वर्षी झाला, एका मोठ्या ऑर्डरीनंतर. ती गोष्ट पुढे सांगते.

सुरुवात पोयीने, म्हणजे गोव्याच्या कोंड्याच्या पावाने, झाली. २०१९ च्या पावसाळ्यात मुलीच्या मैत्रिणी गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरी आल्या होत्या आणि त्यांना पिझ्झा हवा होता. बाहेर पाय टाकवत नव्हता असा पाऊस. घरात सकाळी पदेरबाबकडून, म्हणजे आमच्या पाववाल्याकडून, घेतलेल्या चार पोयी होत्या. कोंड्याची पोयी आतून पोकळ असते, सुरी फिरवली की तिच्या दोन चकत्या होतात. मी आतली खरखरीत बाजू वर घेतली, पण आधी ती बाजू कोरड्या तव्यावर शेकली, मगच सॉस लावला. हे शेकणं महत्त्वाचं. न शेकलेली पोयी सॉसचं पाणी शोषते आणि पाच मिनिटांत लगदा होतो. वर कांदा, चीज, झाकण, मंद आच. मुली आठवडाभर तेच मागत राहिल्या. मग त्यांच्या आया मागू लागल्या, जाऊबाई मदतीला आल्या, अन्नसुरक्षेची नोंदणी केली, आणि घरगुती पिझ्झ्याचे अर्धे भाजलेले बेस विकणं सुरू झालं.

पदेरबाबचं ऋण मोठं आहे. नेपल्समध्ये लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सिअसला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. घरचा ओव्हन जेमतेम २५० पर्यंत जातो. पदेरबाबची पहाटेची पोयी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, निघाले की भट्टी हळूहळू निवत जाते, आणि ती उतरती ऊब बेस अर्धे भाजायला अगदी योग्य. बेस फुगतो, पण करपत नाही. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ साली मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, पीठ फुगवणाऱ्या आमच्या पदेरांच्या हाताला तोच मान मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आता बहुतेक ठिकाणी सूर जाऊन यीस्ट आलं. लाकूड महागलं. पदेरबाबचा मुलगा भट्टीवर बसत नाही. म्हणून आमच्या प्रत्येक पाकिटात आम्ही लिहितो, की हा बेस लाकडाच्या भट्टीतला आहे.

दुसऱ्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने गव्हाशिवायचे चाळीस बेस मागितले. आम्ही फ्लॉवर किसून केले. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. आम्ही पिळलं, पण पुरेसं नाही. दिसायला सुरेख होते, सॉस लागताच मोडले. सगळे परत आले. त्या संध्याकाळी आईंनी एक उचलून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “अगो, हे नुसतं कोण खाईल? जे नुसतं खाववत नाही, त्यावर काय घालून भागणार?”

तेव्हापासून आम्ही बाहेर शोधणं थांबवलं आणि घरात नुसतं काय खातो ते पाहिलं. नीरफणसाची, म्हणजे विलायती फणसाची, कापं! पावसाळ्यात आमच्याकडे रोज होतात. सुरीला तेल लावून, म्हणजे चीक चिकटत नाही, बोटभर जाड गोल काप काढायचे, पाण्यात टाकायचे म्हणजे काळे पडत नाहीत, मीठ-हळद-तिखट लावून रव्यात घोळवून झाकणाखाली शेकायचे. तळहाताएवढा छोटा पिझ्झा, कडा कुरकुरीत, आत बटाट्यापेक्षा मऊ. सान्नां, म्हणजे तांदळाच्या आंबवलेल्या इडल्या, आडवी चिरून खालची बाजू तेलावर लाल केली की आंबूस, जाळीदार बेस मिळतो. नाचणीने सगळ्यांत जास्त छळलं. गव्हातलं ग्लूटेन पीठ ताणू देतं आणि हवा धरून ठेवतं. नाचणीत ते नाही. शेवटी भाकरीसारखी उकड काढली, १०० ग्रॅम पिठाला दोन छोटे चमचे इसबगोल घातलं, आणि थापता येऊ लागली. गोड पिझ्झ्याला पिकल्या केळ्यांचे बन्स, म्हणजे फुगीर गोड पुऱ्या: वर गूळखोबऱ्याचं चून आणि काजूचे तुकडे. याला आईंच्या परीक्षेची गरजच पडली नाही.

टॉपिंगचा आमचा हिशेब एकच, पाणी किती. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, परतून घट्ट पिळून घालतो. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूचे बिबे, म्हणजे कोवळे गर, मिळतात, ते आधी उकडतो. शिवराकाच्या, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशी हे दोन्ही खोबऱ्याबरोबर, कांदा-लसणाशिवाय. सुक्या गालम्याची, म्हणजे जवळ्याची, किसमूर (खोबऱ्यातली कोरडी कोशिंबीर) मात्र पिझ्झा तव्यावरून उतरल्यावरच भुरभुरावी, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. आणि त्या पिझ्झ्याच्या सॉसमध्ये मीठ घालू नये, गालमो आणि चीज दोन्ही खारट. आमच्या घरात डुकराचं मांस शिजत नाही, पण शेजारच्या आंटीने चोरिसाची, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजची, कृती दिली ती आम्ही पाकिटात छापतो: आधी कढईत नुसतेच परता, सुटलेल्या तेलातच कांदा घाला, वेगळं तेल नको.

२०२२ च्या जुलैत आमचे पंचवीस बेस बुरशीने गेले. घाईत कोमट असताना पिशवीत भरले होते, आत घाम सुटला. आता सुपांवर पसरून दोन तास पंख्याखाली, हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय पिशवी उघडतही नाही. पावसात फक्त गोठवलेले बेस देतो.

सध्या अळसांद्याच्या, म्हणजे चवळीच्या, पिठावर काम चालू आहे. इटलीतल्या लिगुरियात चण्याच्या पिठाचा फरिनाता करतात, त्यावरून सुचलं. पीठ रात्रभर भिजवून पातळ ओतलं तर कडा छान येते, मध्ये अजून कच्चट वास राहतो. आईंनी तीन वेळा अर्धा ठेवला आहे. उद्या पीठ आधी भाजून बघणार आहोत.