मुशीला खवले असतात का?

त्या गुरुवारी बी.एस्सी.च्या मुलांचं माशांच्या खवल्यांचं प्रात्यक्षिक होतं. अलिबागात प्राणिशास्त्र शिकवायचं तर नमुने बाहेरून मागवावे लागत नाहीत. सकाळी डबा घेऊन बाजारात गेलं की कोळणी जिताड्याचे मूठभर खवले देतात, मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, चामडीचा तुकडाही देतात. कॉस्टिक पोटॅश नुकतं तापत ठेवलं होतं, तेवढ्यात पर्यटकांची गाडी चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, इस्रायलच्या आजी आल्यात. मराठीच बोलतात. त्यांचा नातू विचारतोय, मुशीला खवले असतात का? मला काय सांगता येईना. आणू का त्यांना?"

आजी ऐंशीच्या घरातल्या. अंगात फुलाफुलांचा झगा, पायात बूट, आणि बोलणं थेट आमच्या नवगाव-थळकडचं. नातू पंचविशीतला, मराठी समजतं पण बोलता येत नाही. दोघं तालुक्यातल्या खंडाळ्याहून, 'एलियाहू हन्नबीचा तापा' पाहून आले होते. एलिया संदेष्टा तिथूनच स्वर्गात गेला आणि त्याच्या रथाच्या चाकाची नि घोड्याच्या टापेची खूण खडकावर राहिली, अशी बेने इस्रायलांची, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, श्रद्धा. नवस फेडायचा, मलिदा करायचा तो त्याच्याच नावानं. पोहे, गूळ, ओलं खोबरं.

वाटेत आजींनी नातवाला दाविद रहाबीची गोष्ट सांगितली होती. आमच्याकडे ती पुष्कळांना ऐकून माहीत असते. बेने इस्रायल म्हणजे नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्यांचे वंशज. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विसरली, उरला तो 'शेमा' ही प्रार्थना, मुलांची सुंता आणि शनिवारचा विसावा. रहाबी आला तेव्हा हे लोक खरोखर यहुदी आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्यानं बायकांपुढे सगळी मासळी एकत्र टाकली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी खवले आणि पर असलेली, म्हणजे यहुद्यांना चालते ती, मासळी तेवढी घेतली, बाकीची बाजूला सारली. रहाबीची खात्री पटली. हा रहाबी कधीचा, यावर जाणकारांत वाद आहे. कोणी त्याला मध्ययुगात नेतात, कोणी 18व्या शतकातला कोचीनचा म्हणतात. पण त्यानं तिघांना शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी सांगणारे, केलं, हे सगळे सांगतात.

नातवाचा मुद्दा सरळ होता. मुशीलाही खवले असतात असं त्यानं वाचलं होतं. मग बायकांनी मुशी बाजूला सारली ती जाणून, की नुसती आवडत नव्हती म्हणून?

त्याचा प्रश्न मला फार आवडला. वर्गातली मुलं इतक्या नेमकेपणानं विचारत नाहीत. मी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी जिताड्याचा खवला, एका काठाला कंगव्यासारखे दाते. मग मुशीची चामडी त्याच्या हातात दिली. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरव म्हटलं. पॉलिश पेपरसारखी खरखर लागली. ते तिचे खवले, घडण मात्र दातासारखी, तळ कातडीत रुतलेला. नखानं काढू गेलं तर कातडी फाटते. सुटे हवे असतील तर चामडीच पोटॅशमध्ये उकळावी लागते, तेच भांडं समोर चुलीवर होतं.

तो एकदम म्हणाला, "कसकेसेत!" तोराहमध्ये, यहुद्यांच्या धर्मग्रंथात, खवल्याला हाच शब्द आहे. गल्याथ या योद्ध्याच्या अंगावरचं चिलखत सांगताना बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकात तोच येतो. चिलखत अंगावरून उतरवता येतं. म्हणून रब्बींचा, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचा, नियम असा की कातडी न फाटता सुटतो तोच खवला. मुशी त्यात बसत नाही. पंचवीस वर्षं मी ही स्लाइड शिकवते आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आजींना या चर्चेत रस नव्हता. त्यांनी ट्रेमधला जिताड्याचा शेपटीकडचा तुकडा उचलला, डाव्या हाताच्या तळव्यात आडवा धरला आणि अंगठ्याच्या नखानं उलट्या दिशेनं एकच ओढ दिली. सात-आठ खवले टपटप ट्रेमध्ये पडले. खालची कातडी शाबूत. "हे बघ," नातवाला म्हणाल्या, "निघाले तर आपलं. नाही निघाले तर नाही. माझ्या आईनं एवढंच सांगितलं."

मग त्या स्टुलावर बसल्या आणि स्वतःचं सांगू लागल्या. 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींचा आदेश निघाला, की बेने इस्रायलांचं लग्न इतर यहुद्यांशी ठरलं तर आई, आजी, शक्य तितकं मागं जाऊन चौकशी करावी. आजींचं लग्न ठरलं ते पुढच्याच वर्षी, मुलगा युरोपातून आलेल्या यहुदी घरातला. "आईची आई कोण? सांगितली. तिची आई? मला नाव ठाऊक नव्हतं हो बाई. तिची मासे निवडायची रीत ठाऊक होती, ती कुठल्या कागदावर लिहू?" पुढे जेरुसलेमात लोक निदर्शनांना बसले आणि 1964 मध्ये संसदेनं बेने इस्रायल सर्वार्थानं यहुदी असल्याचं सांगितलं. आजींचं लग्न त्यानंतर झालं. दीड वर्ष त्या थांबल्या होत्या. हे सांगताना बोटाला चिकटलेला खवला त्या काढत होत्या, आणि मला मात्र राग आवरत नव्हता.

नातवानं हिब्रूत काही विचारलं. आजी हसल्या. "आईच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, आम्ही शनवार तेली ना. शनवारी बैलालाही जुंपायचं नाही, त्यालाही विसावा द्यायचा, असं शास्त्रातच आहे. गावाला वार कळायचा तो त्या बैलावरून. आता ह्याला त्या बैलाचं नाव हवंय."

"आठवतंय?" मी विचारलं.

"ढवळ्या. आई रोज त्याच्या गोष्टी सांगायची."

त्यानं मोबाइलमध्ये हिब्रूत लिहायला घेतलं. त्या लिपीत ढ नाही, ळही नाही. आजींनी तीनदा सावकाश उच्चारून दाखवलं.