तीनदा मोजूनही

अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही, हे सांगितलं की पुण्याच्या घरी कोणाचा विश्वासच बसत नाही. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची एक संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशांचा हिशेब बघते. याद्या कशा करायच्या, मतदान कसं घ्यायचं, मोजणी कशी करायची हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं आणि प्रत्यक्ष राबतात त्या काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. आमच्या जॉर्जियात अशा 159 काउंट्या आहेत. त्यांच्यावर देखरेख करणारा राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो. 2018 मध्ये तर ब्रायन केम्प या पदावर होते आणि त्याच वेळी गव्हर्नरपदाची निवडणूकही लढवत होते. सुमारे 55 हजार मतांनी जिंकलेही. माझे सासरे हे ऐकून एवढंच म्हणाले, "आणि हे जगाला लोकशाही शिकवतात!"

मी राहते अटलांटाच्या उत्तरेला, फोरसाइथ काउंटीत. वस्ती बहुतांश रिपब्लिकन, पण गेल्या काही वर्षांत तेलुगू, गुजराती, मराठी घरं इतकी वाढली आहेत की दिवाळीत आमच्या गल्लीतले आकाशकंदील मोजता येत नाहीत. नागरिकत्व मिळाल्यापासून मी न चुकता मतदान करते. आमचं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये असतं. टेबलापाशी सत्तरीच्या पुढच्या बायका बसलेल्या असतात, बऱ्याचशा निवृत्त शिक्षिका. त्या वाहनपरवाना तपासतात आणि एक प्लास्टिकचं कार्ड हातात देतात. ते यंत्रात सरकवायचं, पडद्यावर बोटाने नावं निवडायची. मग प्रिंटरमधून कागद बाहेर येतो. त्यावर आपण निवडलेली नावं छापलेली असतात आणि शेजारी एक क्यूआर कोड असतो. कागद नीट वाचून स्कॅनरमध्ये घालायचा, की झालं. बोटाला शाई नाही. जाताना पीचचं चित्र असलेलं स्टिकर मिळतं, ते लोक दिवसभर छातीवर मिरवतात.

पण तो क्यूआर कोड लक्षात ठेवा. नावं आपण वाचतो, पण स्कॅनर मोजतो तो कोड, आणि कोड काही माणसाला वाचता येत नाही. जॉर्जियातल्या सगळ्या संशयकल्लोळात मला खऱ्या अर्थाने विचार करण्यासारखा वाटतो तो हा मुद्दा. बाकीचा बराचसा गदारोळ माणसांचा आहे.

2020 ची गोष्ट बातम्यांत तुकड्यातुकड्यांनी तुमच्यापर्यंत पोचली असेल. बायडन जॉर्जियात निसटते जिंकले. फरक इतका कमी होता की राज्याने सुमारे 50 लाख कागदी मतपत्रिका हाताने मोजायचं ठरवलं. खरंच हाताने. लांबलचक टेबलं, जोडीजोडीने बसलेली माणसं आणि दोन्ही पक्षांचे निरीक्षक. त्यात चुकाही सापडल्या. फ्लॉइड काउंटीत अडीच हजारांहून जास्त मतं मोजायचीच राहून गेली होती, आणि ती काउंटी होती रिपब्लिकनांची. त्या मतांनी ट्रम्प यांचा तोटा थोडा कमी झाला, निकाल बदलला नाही. मग ट्रम्प यांच्या मागणीवरून यंत्राने फेरमोजणी झाली. पहिली मोजणी, हाताची मोजणी, फेरमोजणी. तिन्हींत विजेता तोच, शेवटचा फरक 11,779.

हे सगळं जाहीर करणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड राफेन्सपर्गर रिपब्लिकन होते, आणि निकालावर सही करणारे गव्हर्नर केम्पही रिपब्लिकनच. म्हणजे डेमोक्रॅटांनी मोजणी पळवली असं म्हणायलाही जागा नव्हती. तरीही 2 जानेवारी 2021 ला ट्रम्प यांनी राफेन्सपर्गर यांना फोन केला आणि 11,780 मतं शोधून हवीत असं सांगितलं. फरकाहून बरोबर एक जास्त. हजारो मेलेल्या माणसांनी मतदान केलं, असाही आरोप त्याच फोनवर होता. राज्याच्या तपासात शेवटी अशी किती मतं सापडली? चार.

आता माझे समोरचे शेजारी. सत्तरीचे, विमान कंपनीतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन. माझी गाडी थंडीत बंद पडली की न बोलावता जंपर केबल घेऊन येतात. 2020 ची निवडणूक चोरली गेली यावर त्यांचा आजही ठाम विश्वास आहे. मी एकदा विचारलं, "मग आपल्या चर्चमध्येही गडबड झाली का?" ते दुखावल्यासारखे झाले. छे, इथे कशी होईल? इथे त्यांची बायको ड्युटीवर होती! गडबड झाली ती तिकडे, फुल्टनमध्ये.

फुल्टन म्हणजे अटलांटा शहर. आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर, डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, मोठी कृष्णवर्णीय वस्ती. स्टेट फार्म अरेनामध्ये मोजणी चालू असतानाचं एक चित्रण ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांच्या चमूने पसरवलं. रुबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकी तिथे मोजणीचं काम करत होत्या. टेबलाखालून मतांच्या 'सुटकेस' काढल्या, दोघींनी यूएसबी ड्राइव्ह एकमेकींच्या हातात दिला, असे आरोप झाले. सुटकेस म्हणजे मतपत्रिकांचे नेहमीचे डबे होते आणि आईने लेकीला दिलेला 'यूएसबी' म्हणजे आल्याची गोळी होती. धमक्यांमुळे रुबी फ्रीमनना घर सोडावं लागलं. डिसेंबर 2023 मध्ये ज्यूरीने जुलियानींना 14 कोटी 80 लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. शेजारी ही बातमी ऐकून म्हणाले, कोर्ट वॉशिंग्टनचं, ज्यूरी तिथलीच, निकाल दुसरा काय लागणार?

दुसरी माझी ऑफिसातली सहकारी. कृष्णवर्णीय, पक्की डेमोक्रॅट. तिच्याशी या विषयावर बोललं की ती 2020 वर येतच नाही, 2018 वर जाते. त्या वर्षी गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅट उमेदवार स्टेसी एब्रम्स केम्प यांच्याकडून हरल्या. मतदानाआधी सुमारे 53 हजार नोंदणी अर्ज अडकून पडले होते, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. ग्विनेट काउंटीतल्या एका शाळेत उपकरणांच्या पॉवर कॉर्डच नव्हत्या, लोक तासन्‌तास रांगेत उभे. तिच्या आजीच्या काळात या राज्यात काळ्या माणसाला मतदार होण्यासाठी परीक्षा द्यावी लागे, आणि ती परीक्षा नापास करण्यासाठीच असे. 1965 च्या मतदान हक्क कायद्याने ते थांबलं. त्यामुळे तिला वाटणारी भीती ही, की ज्याला हक्क आहे त्याला मत देता येणार नाही. शेजाऱ्यांना वाटते ती, की ज्याला हक्क नाही तो मत देऊन जाईल. निवडणूक स्वच्छ हवी असं दोघंही त्याच पोटतिडकीने म्हणतात.

2021 मध्ये राज्याने नवा निवडणूक कायदा आणला तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. टपाली मतासाठी ओळखपत्राचा क्रमांक सक्तीचा झाला, टपाली मतं टाकायच्या पेट्यांच्या जागा कमी झाल्या, आणि केंद्रापासून 150 फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला पाणी वाटायलाही बंदी आली. शेजाऱ्यांच्या लेखी हा कायदा म्हणजे घराला कुलूप. सहकारीच्या लेखी आजीचे दिवस परत आले. प्रत्यक्षात 2024 मध्ये जवळपास 40 लाख लोकांनी मतदानाच्या दिवसाआधीच मतदान केलं, तो विक्रम होता. पाण्याच्या बंदीचा मात्र मला आजही अर्थ लागलेला नाही. पाणी पाजून कोणाचं मत फिरतं?

दोन्ही बाजू सारख्याच, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह इथल्या मराठी गप्पांत फार असतो. मला ते पटत नाही. एब्रम्स यांनी हार मनापासून मानली नाही हे खरं, पण केम्प गव्हर्नर होणार हे त्यांनी जाहीरपणे कबूल केलं आणि त्यांची संस्था कोर्टात गेली. तिथे 2022 मध्ये हरली. ट्रम्प यांनी अधिकाऱ्याला फोन केला आणि पुढे 6 जानेवारीला संसदेवर जमाव चालून गेला. या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत. पण डेमोक्रॅटही धुतल्या तांदळासारखे नाहीत. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आमच्या जॉर्जियाचेच. 2019 मध्ये ते म्हणाले, की रशियाने ढवळाढवळ केली नसती तर 2016 मध्ये ट्रम्प निवडून आलेच नसते. ढवळाढवळ झाली होती, पण मतांचे आकडे बदलल्याचा पुरावा कोणीही दिलेला नाही.

कार्टरांकडून हे यावं याची मला गंमत वाटते, कारण खरी मतचोरी कशी असते हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. 1962 मध्ये ते राज्याच्या सिनेटसाठी पहिल्यांदा उभे राहिले. क्विटमन काउंटीत तिथला पुढारी लोकांच्या देखत मतपेटी भरत होता. नोंदीत मेलेली माणसं होती, आणि कितीतरी जण म्हणे बाराखडीच्या क्रमाने मतदानाला आले होते! कार्टर कोर्टात गेले आणि निकाल फिरवून घेतला. पुढे त्यांच्या कार्टर सेंटरने जगभरच्या निवडणुकांवर निरीक्षक पाठवले, आणि 2020 मध्ये जॉर्जियाची हातमोजणी पाहायलाही तेच होते. 2024 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांनी टपालाने मत दिलं आणि डिसेंबरमध्ये गेले.

2024 मध्ये ट्रम्प जॉर्जियात सुमारे 1 लाख 15 हजार मतांनी जिंकले. यंत्रं तीच, क्यूआर कोड तोच, फुल्टन तेच, राफेन्सपर्गरही तेच. त्यानंतर प्यू या सर्वेक्षण संस्थेने देशभरच्या मतदारांना निवडणूक नीट पार पडली का, असं विचारलं. ट्रम्प यांच्या मतदारांपैकी 93 टक्के म्हणाले, हो. 2020 मध्ये असं म्हणणारे 21 टक्के होते. पराभूत झालेल्या हॅरिस यांच्या मतदारांतही 84 टक्के हो म्हणाले, म्हणजे घसरण झाली, पण कडेलोट नाही. याचं कारण मला साधं दिसतं: हॅरिस यांनी दुसऱ्याच दिवशी हार मान्य केली. कार्यकर्त्याला संशय घ्यायचा की नाही हे बऱ्याचदा वरून कळतं. शेजाऱ्यांना मी विचारलं, यंदा फुल्टनवाले गप्प कसे बसले? ते म्हणाले, "इतका फरक होता, की चोरायला पुरलं नाही."

मात्र मतदार म्हणजे नेत्याच्या मागे जाणारी मेंढरं, असं म्हणावं तर 2022 आडवं येतं. केम्प आणि राफेन्सपर्गर यांना धडा शिकवायचा म्हणून ट्रम्प यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत दोघांविरुद्ध उमेदवार दिले. केम्प यांनी डेव्हिड पर्ड्यू यांना 50 टक्क्यांहून जास्त फरकाने झोपवलं, राफेन्सपर्गरही पहिल्याच फेरीत सुटले. माझ्या शेजाऱ्यांनी केम्पनाच मत दिलं. 'चोरीच्या' निकालावर सही करणाऱ्याला? त्यांचं उत्तर तयार होतं: कोविडमध्ये त्याने दुकानं लवकर उघडू दिली. नोव्हेंबरात केम्प आरामात जिंकले, पण त्याच मतदानात सिनेटसाठी डेमोक्रॅट राफाएल वॉरनॉक पुढे राहिले आणि डिसेंबरच्या फेरमतदानात निवडून आले. हजारो लोकांनी एकाच कागदावर दोन पक्षांना मत दिल्याशिवाय हे होत नाही. लोक चोरी झाली असं मानतात, बोलतात, त्याचे टी-शर्ट घालतात. पण मत देताना दुकान, शाळा, घरपट्टी यांचाही हिशेब असतो.

मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय निघाला की गाडी पाच मिनिटांत ईव्हीएमवर येते. 2024 च्या विधानसभेनंतर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने स्वतःच्या समाधानासाठी मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं आणि पोलिसांनी ते होऊ दिलं नाही. त्यावरून इथे समोशाच्या टेबलाशी दोन तट पडले. त्याच वर्षीच्या लोकसभेला महाविकास आघाडीने 48 पैकी 30 जागा जिंकल्या तेव्हा यंत्राबद्दल फारसं कोणी बोलत नव्हतं, हे एका तटाने काढलं. दुसऱ्या तटाने 2009 काढलं, तेव्हा हरल्यावर ईव्हीएमवर शंका घेणारे लालकृष्ण अडवाणी होते. दोन्ही खरं. मारकडवाडीत प्रयोग होऊ दिला असता तर काय बिघडलं असतं, हे मात्र कोणत्याच तटाने मला नीट सांगितलं नाही.

जॉर्जियात सध्या मागणी आहे ती पेनने खूण करायच्या कागदी मतपत्रिकेची. 2017 मध्येच काही मतदार आणि संस्था इथल्या आधीच्या यंत्रांविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. 2020 नंतर तीच मागणी ट्रम्प समर्थकांच्या तोंडी आली. 2024 मध्ये विधिमंडळाने कायदा करून मोजणीतून क्यूआर कोड हटवायला 1 जुलै 2026 ही मुदत ठरवली. मुदत घातली, पण पर्यायासाठी पैसे लगेच दिले नाहीत. तेही ओळखीचंच वाटलं.

माझी सहकारी या मागणीच्या बाजूची आहे. शेजारीही आहेत. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा ते गवत कापायचं यंत्र बंद करून क्षणभर थांबले. मग म्हणाले, "तिला कशाला हवं आहे ते? आधी ते विचार."