तुम्ही विचारलंत म्हणून: पेपर छापला, मग पेटंटला 'अस्पष्ट' का?

मी पेटंटचे अर्ज लिहिते. माझं ऑफिस नागपुरात, धंतोलीत. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत डॉक्टर जास्त. त्यातही आता कॅन्सरवाले वाढलेत. विदर्भात ज्या प्रमाणात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटला जातो, ते पाहता हे ओघानंच आलं. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, फक्त कोण किती चिडलंय एवढाच फरक. "मॅडम, तुमच्या सांगण्यावरून आधी अर्ज टाकला, मग पेपर पाठवला. पेपर छापून आला. रिव्ह्यूअरला समजलं, परदेशातल्या लोकांना समजलं. आणि पेटंटचा एफईआर येतो तर त्यात 'क्लेम स्पष्ट नाहीत'! त्यांना विज्ञान कळत नाही का?"

एफईआर म्हणजे फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट, अर्ज तपासल्यावर येणारं आक्षेपांचं पहिलं पत्र. आणि क्लेम म्हणजे अर्जातली ती वाक्यं, जी तुमच्या हक्काची हद्द आखतात. उत्तराला सहा महिने मिळतात. आणि हो, विज्ञान त्यांना कळतं. बहुतेक वेळा नीट कळतं म्हणूनच तो आक्षेप आलेला असतो.

एक नमुना दाखवते. खरा कोणाचाच नाही, पण असे मी इतके पाहिलेत की झोपेतही लिहीन: 'कर्करोगाच्या रुग्णाचा रेडिएशन थेरपीला मिळणारा प्रतिसाद वर्तवण्याची पद्धत, ज्यात (अ) रुग्णाचा नमुना घेणे, (ब) त्यातील अमुक प्रथिनाचे प्रमाण मोजणे, (क) ते प्रमाण जास्त असल्यास प्रतिसाद कमी मिळेल असे ठरवणे.'

डॉक्टर म्हणतात, यात न समजण्यासारखं काय आहे?

'नमुना' घ्या. गाठीचा तुकडा की रक्त? शेक (म्हणजे रेडिएशन) सुरू होण्याआधीचा की दहा शेक झाल्यावरचा? डोक्यामानेच्या कॅन्सरमध्ये नेहमीचा कोर्स ३५ शेकांचा, एकूण ७० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), सात आठवडे चालतो. पहिल्या दिवशीची पेशी आणि चौथ्या आठवड्यातली पेशी एकसारखी राहत नाही, हे डॉक्टरांनीच मला शिकवलंय.

'प्रतिसाद' घ्या. गाठ लहान होणं? किती लहान? गाठ किती घटली हे मोजायच्या, २००९ पासून चालत आलेल्या रेसिस्ट १.१ च्या निकषात व्यासांची बेरीज निदान ३० टक्क्यांनी घटली तर तो आंशिक प्रतिसाद. पण एखाद्याला 'प्रतिसाद' म्हणजे दोन वर्षं गाठ परत न येणं अभिप्रेत असतं, एखाद्याला रुग्ण जगणं. आणि मोजायचं कधी? शेक संपल्या संपल्या सूज असते, म्हणून डोक्यामानेच्या कॅन्सरमध्ये पेट-सीटी साधारण १२ आठवड्यांनी करतात. क्लेममध्ये यातलं काहीच नाही.

आणि मग 'जास्त'. या एका शब्दावर माझी निम्मी हयात गेली आहे. कशापेक्षा जास्त? निरोगी ऊतीपेक्षा, बाकी रुग्णांच्या मध्यकापेक्षा, की ठरवलेल्या एका आकड्यापेक्षा? मोजायचं कसं, हे तर त्याहून चिवट. स्लाइड रंगवून पॅथॉलॉजिस्ट एच-स्कोअर काढतात. फिकट रंगलेल्या पेशींची टक्केवारी गुणिले एक, मध्यम गुणिले दोन, गडद गुणिले तीन, सगळं मिळून शून्य ते ३००. तेच प्रथिन दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर एकक वेगळं, आकडा वेगळा. पद्धत सांगितल्याशिवाय आकडा लिहिला तर तो आकडा हवेतच लटकतो.

पेपरमध्ये हे चालून जातं, कारण वाचणारा मेथड्सचा भाग उघडतो, आकृती बघतो, अडलं तर मेल टाकतो. क्लेम मात्र अशा माणसानं वाचायचा असतो ज्याला तुम्हाला विचारायचंच नाहीये: तुमचा स्पर्धक. त्याची चाचणी तुमच्या हद्दीत येते की नाही, हे त्याला तुमच्या दारात न येता कळलं पाहिजे.

आमची काटोलकडे संत्र्याची बाग होती. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आजोबांचं जन्माचं भांडण. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली: पूर्वेस अमक्याचं शेत, दक्षिणेस नाला. नाल्यानं पात्र बदललं आणि तिथूनच सगळं सुरू झालं. मोजणीवाला आला की शेजारी म्हणायचा, "धुरा कुठं हाय हे मले काहून विचारता? कागदावर पाहा ना!" शेजारी आडमुठा होता, पण त्याचं हे बोलणं कायद्याला धरून होतं. 'जास्त' हा शब्द म्हणजे आमचा तो नाला.

भारतीय पेटंट कायदा, १९७० च्या कलम १०(५) मध्ये हे थोडक्यात आलंय: क्लेम स्पष्ट आणि आटोपशीर हवेत, आणि वर्णनात जे उघड केलं आहे त्यावर न्याय्यपणे आधारलेले हवेत. पेटंट मिळाल्यावरही सुटका नाही. क्लेमची व्याप्ती पुरेशी स्पष्ट नसेल तर कलम ६४ खाली पेटंट रद्द करता येतं. युरोपात उलटं आहे. तिथे मंजुरीआधी युरोपियन पेटंट कराराच्या कलम ८४ खाली स्पष्टतेसाठी छळतात, पण एकदा मंजूर झालं की केवळ 'अस्पष्ट' म्हणून विरोध दाखल करता येत नाही. आपला कायदा या बाबतीत जास्त कडक वाटतो मला, आणि बरोबरही.

इथे चाणाक्ष डॉक्टर विचारतात, "मग सगळं नेमकं लिहू, त्यात काय?" अडचण इथेच आहे. क्लेम स्पष्ट करायला लागलं की तो दुसऱ्या खड्ड्याकडे घसरतो. कलम ३(i) म्हणतं, माणसाच्या निदानाच्या आणि उपचाराच्या पद्धतींना पेटंट नाही. शेवटी '...आणि अशा रुग्णाला वाढीव मात्रा देणे' असं लिहिलं की उपचार झाला. उपचार काढून नुसतं गणित ठेवलं की ३(k) उभं: गणिती पद्धत, अल्गोरिदम. म्हणून लोक मुद्दाम धूसर लिहितात, म्हणजे परीक्षकाला निदानही दिसू नये आणि गणितही. परीक्षक मूर्ख नसतो. त्याला धूसरपणा दिसतो, आणि एफईआरमध्ये तिन्ही आक्षेप एकाखाली एक येतात.

देशोदेशी तऱ्हा वेगळ्या, हे आणखी एक. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या मेयो विरुद्ध प्रोमिथियस निकालानंतर नुसतं 'मोजा आणि अर्थ लावा' एवढ्यावर भागत नाही, म्हणून तिथे शेवटी उपचाराची पायरी जोडतात. तीच पायरी इथे आणली की ३(i) मध्ये अडकलात. युरोपात शरीराबाहेर काढलेल्या नमुन्यावरची चाचणी चालते. आपल्याकडे २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं की प्रयोगशाळेतल्या नमुन्यावर केलेलं निदानही ३(i) मध्ये येऊ शकतं, मात्र ज्या प्रक्रियेतून रोगाचं निदान निघतच नाही ती त्यात येत नाही. शेक लागू पडेल का हे वर्तवणं हे निदान आहे का, यावर दोन वकील चहा संपेपर्यंत भांडू शकतात. मी भांडले आहे.

(मध्येच एक: "पेटंट ऑफिस तर नागपुरातच आहे ना, सिव्हिल लाइन्सला? जाऊन भेटू." तिथे राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, पेटंट परीक्षकांचं प्रशिक्षण तिथे होतं. आपला अर्ज मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येतो. जाऊन भेटून काही होत नाही, तिथेही आणि मुंबईतही.)

आता माझी स्वतःची चूक, कारण ती सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी असाच एक अर्ज लिहिला होता. क्लेममध्ये मोठ्या रुबाबात 'संदर्भ पातळीपेक्षा जास्त' असं टाकलं. संदर्भ पातळी म्हणजे काय, हे वर्णनात कुठेच नव्हतं. मला वाटलं, मोकळं ठेवलं की व्याप्ती मोठी मिळेल. एफईआर आला: 'संदर्भ पातळी' अस्पष्ट. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आकडा आहे ना, माझ्या एक्सेलमध्ये आहे!" त्यांनी फाइल पाठवली. त्यात सगळं होतं, आकडा, रुग्णागणिक स्कोअर, रंगाची कंपनीसुद्धा.

उपयोग शून्य. कलम ५९ खाली दुरुस्ती म्हणजे कमी करणं, चूक सुधारणं किंवा खुलासा करणं. जे मूळ अर्जात नव्हतं ते नंतर आत घेता येत नाही. अर्ज टाकल्याच्या दिवशी जे कागदावर नव्हतं, ते कायद्याच्या दृष्टीनं डॉक्टरांना त्या दिवशी माहीतच नव्हतं. त्यांनी मला एक शब्द बोलला नाही. फी परत करू का विचारलं, तर म्हणाले, "राहू द्या हो, तुम्हीही शिकत होतात." याचं मला आजही वाईट वाटतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी शोधाबद्दल विचारतच नाही. एक्सेल मागते. मग 'जास्त', 'योग्य', 'सुमारे', 'इत्यादी' या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ ओढते आणि प्रत्येक रेघेला एक आकडा, एक पद्धत आणि एक वेळ मागते. आकडा घट्ट बांधला तर शेजारी त्याच्या जरा खालून निसटेल, ही भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे मुख्य क्लेममध्ये तुलना कशाशी हे पक्कं करायचं, आणि खाली अवलंबून क्लेममध्ये (मुख्य क्लेमवर टेकलेल्या, त्याहून अरुंद क्लेममध्ये) एकेक आकडा घट्ट करत जायचं. हे सगळं वर्णनात पहिल्याच दिवशी.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण डॉक्टर आले होते. त्यांच्या क्लेमवर मी अशीच एक रेघ ओढली. "हा एच-स्कोअरचा उंबरठा दोन्ही लॅबमध्ये सारखाच येतो का?" ते म्हणाले, हो, बघून सांगतो. दोन महिने फोन नाही. मग एका संध्याकाळी ओपीडी संपवून थेट ऑफिसात आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, दोन लॅबमध्ये रंग वेगळा चढतो. माझा निम्मा डेटा चुकीच्या बाजूला पडलाय. अर्ज थांबवा. मला आधी हे परत मोजायला लागेल."

पेपर त्यांनी अजून पाठवला नव्हता.