तुम्ही विचारलंत म्हणून : अर्धा कोयता

“सर, मॅडम तिकडं, मग तुम्ही कामून नाही गेलात?”

माझी बायको ब्रिटनमध्ये केअर वर्करचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांची सेवा करण्याचं काम करते. गेल्या सव्वा वर्षात हा प्रश्न किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. मेडिकलवाल्यानं विचारला. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं विचारला. मुलीच्या शाळेत पालकसभेला सगळ्या आया आणि मी एकटाच बाप, तिथं बाईंनी विचारला. काहींच्या विचारण्यात काळजी असते. काहींना त्यामागचं दुसरंच विचारायचं असतं, की तुमचं पटत नाही का? परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याच्या बायकोचंही नर्सिंग झालंय आणि त्याला खरोखर माहिती हवी होती. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

सरळ उत्तर एवढंच आहे की मला जायची परवानगी नाही. माझ्या आठ वर्षांच्या मुलीलाही नाही. ब्रिटनचा नियम तसा आहे आणि तो ११ मार्च २०२४ पासून लागू आहे. आमचा अर्ज गेला १९ मार्चला.

बायकोचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. लातूरच्या एका खासगी दवाखान्यात तिनं आठ वर्षं काढली, शेवटचा पगार महिना सोळा हजार. मी अंबाजोगाईत तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे काय ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. मानधन वर्षातून दोनदा निघतं आणि उन्हाळ्यात काहीच नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटननं केअर वर्करच्या कामासाठी बाहेरच्या माणसांना दार उघडलं. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ घालणं, जेवण भरवणं, औषधं देणं, हे करायला तिथं माणसं मिळत नव्हती. तेव्हा नवरा आणि लेकरं सोबत नेता येत होती, सोबत गेलेल्या नवऱ्याला तिथं काम करायलाही मुभा होती. २०२३ च्या गणपतीत आम्ही एजंटाकडे गेलो ते याच भरवशावर. अकरा लाख ठरले. तिचे दागिने, पतसंस्थेचं कर्ज आणि सासूबाईंच्या नावची दीड एकर गहाण.

४ डिसेंबर २०२३ ला तिथल्या गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की यापुढे केअर वर्करला कुटुंब आणता येणार नाही. आम्ही घाबरून एजंटाला फोन केला. तो म्हणाला, आपली फाइल त्याच्या आत लागते, टेन्शन घेऊ नका. तिकडच्या केअर होमचं, म्हणजे तिला नोकरी देणाऱ्या वृद्धाश्रमाचं, स्पॉन्सरशिपचं पत्र यायलाच मार्च उजाडला. मग टीबीच्या तपासणीचं सर्टिफिकेट, मग एका कागदावर स्पेलिंग चुकलेलं, ते दुरुस्त करण्यात आठवडा गेला. आठ दिवस उशीर झाला. ज्यांचे अर्ज ११ मार्चच्या आधी गेले, त्यांची लेकरं आज तिथल्या शाळेत आहेत. त्यांच्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. पण ते आठ दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

मग तेव्हाच ‘नाही’ का म्हटलं नाही? हेही विचारतात. सात लाख देऊन झाले होते आणि ते परत मिळणार नव्हते. मुदत हुकल्याचं कळलं त्या रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो होतो, मुलगी झोपलेली. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, “मी जाते. तुम्ही हिला सांभाळा.” मी हो म्हणालो. हा निर्णय आम्ही दोघांनी घेतला. पण ज्याला निवड म्हणतात तशी ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावी जाऊन आई-वडिलांना सांगितलं. आमचं गाव धारूर तालुक्यात. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी अर्धा कोयता.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळी झाली की लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मजूर नेणारा मुकादम ज्याला एक कोयता म्हणतो तो एक माणूस नसतो, ती नवरा-बायकोची जोडी असते. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचलही अर्धी, आणि पुष्कळदा मुकादम त्याला नेतच नाही. माझे आई-वडील एकवीस हंगाम पूर्ण कोयता होऊन गेले. मी आजीजवळ राहिलो, कारण माझी शाळा होती. पहाटे तीनला गाडी निघायची, आई मला झोपेतच सोडून जायची. उठल्यावर उशाशी गुळाचा खडा ठेवलेला असायचा, म्हणजे मी रडू नये. मार्च-एप्रिलमध्ये ती परत यायची तेव्हा तिचा हात धरला की तळव्याला चिरा लागायच्या.

तेव्हा मुकादमाला जोडी हवी होती, लेकरू नको होतं. आज तिथल्या सरकारला हात हवे आहेत, जोडी नको आणि लेकरूही नको. दोन्ही वेळा लेकरू मागेच राहिलं. आई परवा म्हणाली, “आमी जायचो तवा निदान तुझा बाप शेजारी असायचा. कोपीत दुखलं-खुपलं तर सांगायला माणूस होतं. तिला तिथं कोण हाय?”

आईच्या या प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नाही. नियमाची बाजू काय, ती मी वाचली. गृहखात्याचा आकडा असा की सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या एका वर्षात साधारण १ लाख केअर वर्कर आले आणि त्यांच्यासोबत अंदाजे १ लाख २० हजार नातेवाईक. बाहेरून येणाऱ्यांची संख्या फार वाढली, ती कमी करायची, तर हे १ लाख २० हजार आधी कमी करा, असा तो हिशेब. आपल्या देशात कुणी यावं हे ठरवायचा हक्क कुठल्याही देशाला आहे, हे मला मान्य आहे. काम नको असेल तर बोलावू नका. पण रोज बारा तास तुमच्या आई-बापांची सेवा करायला जी बाई चालते, तिचं स्वतःचं माणूस मात्र संख्येत बसत नाही, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. त्या १ लाख २० हजारांच्या जागी मला माझी मुलगी दिसते, शाळेचं दप्तर पाठीला लावून उभी.

हे फक्त आमच्यासारख्या कामगारांचंच आहे असंही नाही. ब्रिटनचा स्वतःचा नागरिक असला आणि त्यानं परदेशातल्या मुलीशी लग्न केलं, तरी तिला आणायला त्याची ठरावीक कमाई दाखवावी लागते. जुलै २०१२ पासून ती अट वर्षाला १८,६०० पौंडांची होती, ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. लग्न खरं आहे एवढं पुरत नाही. आणि तिकडे कशाला जायचं, आमच्या गल्लीतल्या भाभींचंच घ्या. मियाँ सौदीत ड्रायव्हर. आधी सगळं कुटुंब जेद्दाहला होतं, पोरं तिथंच शिकत होती. जुलै २०१७ पासून तिथं कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क लागलं, दर वर्षी शंभरानं वाढत २०२० मध्ये ते ४०० झालं. बायको आणि तीन पोरं, धरा हिशेब. भाभी पोरांना घेऊन परत आल्या. सव्वा वर्षापूर्वी मी बायकोला मुंबईच्या विमानात बसवून लातूर एक्सप्रेसनं परत आलो, तेव्हा पहिल्या दिवशी डबा घेऊन भाभीच आल्या. प्रश्न काहीच विचारला नाही. “भैया, पहिले छह महिने भारी असतात,” एवढंच म्हणाल्या.

भारी म्हणजे कसे, ते सांगतो. मुलीच्या दोन वेण्या. मला वेणी येत नव्हती. सकाळी शाळेची रिक्षा सव्वाआठला येते, तेव्हा तिकडे पावणेचार वाजलेले असतात. नाइट शिफ्टला असली की त्या वेळी तिला पंधरा मिनिटांची सुट्टी मिळते. मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवतो, मुलीला पाटावर बसवतो, आणि ती केअर होमच्या कुठल्याशा जिन्यात बसून हळू आवाजात सांगते, “आधी भांग सरळ पाडा. तीन पेडं करा. मधलं पेड ढिलं सोडू नका हो, घट्ट धरा. दुखलं की ती सांगते.” पहिले कित्येक दिवस वेणी दुपारपर्यंत सुटायची. आता सुटत नाही. आता सांगायची गरज राहिलेली नाही, तरी फोन तिथंच टेकवलेला असतो, ती नुसती बघत असते. एकदा रिबीन बांधून झाल्यावर मी वर पाहिलं तर पडद्यावर फक्त जिन्याचा कठडा होता. फोन खाली धरून ती रडत होती. मुलीला दिसू नये म्हणून.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे. त्या दिवसांत आमचं वेण्यांचं वेळापत्रक कोलमडतं. मुलीनं कॅलेंडरवर त्या दोन तारखांना स्वतःच्या हातानं गोल केलाय.

“मग भेटायला तरी जाऊन या.” गेलो असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी माझा आणि मुलीचा पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला, उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे. एकेकाची फी तेव्हा १२७ पौंड. पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले. महिन्याभरात नकार आला. तुमचं उत्पन्न नियमित नाही, नावावर मालमत्ता नाही, तुमची पत्नी इथं आहे, तेव्हा मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही, असा त्या कागदाचा अर्थ. बायको तिथं आहे म्हणून भेटायला जायचं होतं, आणि बायको तिथं आहे हेच न देण्याचं कारण. या नकारावर अपील नसतं. मुलीसाठी नवे बूट घेतले होते. ती ते शाळेत घालून जाते.

“मग तिलाच परत बोलवा.” हे बोलणाऱ्यांना मी आता शांतपणे सांगतो. कर्ज साडेपाच लाख राहिलंय. आणि २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करची बाहेरून नवी भरतीच त्यांनी बंद केली. म्हणजे ती आज आली तर त्या कामावर पुन्हा जायचा रस्ता नाही. वर्षाला एकवीस हजार पौंडांच्या आसपास पगार, त्यात खोलीचं भाडं, बस, जेवण. उरलेल्यातून ती दर महिन्याला हप्ता पाठवते. एकही चुकलेला नाही. ती गेली तेव्हा तिथं पाच वर्षं काढली की कायम राहण्यासाठी अर्ज करता येत होता, पण मे २०२५ मध्ये सरकारनं मांडलेल्या धोरणात पाचाची दहा करायची भाषा होती. दहा झाली तर तेव्हा माझी मुलगी सतरा वर्षांची असेल. मी हा आकडा घरात मोठ्यानं बोलत नाही.

आता त्या विद्यार्थ्यासाठी, कारण त्याला हेच हवं होतं. कुटुंब नेण्याची बंदी केअर वर्कर आणि सीनियर केअर वर्करला आहे, नोंदणी झालेल्या नर्सला नाही. तेव्हा घाईनं कुठल्याही कामावर जाऊ नका, नर्स म्हणूनच जा. त्यासाठी तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. इंग्रजीची ओईटी परीक्षा, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिथं जाऊन ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष कामाची परीक्षा. जीएनएम चालतं. ओईटीत ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत बी ग्रेड हवा, लिहिण्यात सी प्लस चालतो. एक-दीड वर्ष जास्त जाईल, जाऊ दे. हे आम्हाला २०२३ मध्ये कुणी सांगितलं नाही. एजंटाला ते सांगण्यात काही मिळणार नव्हतं, आणि आम्ही विचारलं नाही.

माझी बायको आता हेच करतेय. बारा तासांची शिफ्ट करून, मिळेल त्या वेळात. मागच्या वेळी तीन विषयांत बी आला, लिहिण्यात थोडक्यात गेलं. ओईटीच्या लिखाणात एका पेशंटची टिपणं देतात, त्यावरून पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं, पंचेचाळीस मिनिटांत, दोनशे शब्दांच्या आत. इंग्रजी शिकवण्याचा माझा घरात एवढा उपयोग कधी झाला नव्हता. ती वहीत पत्र लिहिते, फोटो पाठवते, मी लाल पेनानं खुणा करून परत पाठवतो. कुठली माहिती गाळायची हे तिला अजून जमत नाही. पेशंटच्या घरी कोण आहे, कोण नाही, हे ती प्रत्येक पत्रात सगळ्यात आधी लिहिते. मी म्हणतो, ते शेवटी घे, आधी दुखणं सांग. ती म्हणते, “घरी कोण आहे हे आधी कळायला नको का?”

तेवढ्या वाक्याखाली मी लाल खूण करत नाही.

काल रात्री पाठवलेलं पत्र अजून तपासायचं राहिलंय. तिची शिफ्ट आठला सुटते, म्हणजे आपले साडेबारा. त्याच्या आत झालं पाहिजे.