खेट्याचा रविवार

माघातला कुठला रविवार ते आता नीट आठवत नाही. दुसरा असेल, नाहीतर तिसरा. माघातल्या रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर चालत दर्शनाला जायचं, हे आमचे खेटे. ते सगळे रविवार माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेलेत. पंचगंगेवरची अंघोळ, शिवाजी पूल, वडणगे, निगवे. त्या दिवशी जाऊबाईंमुळे निघायलाच उशीर झाला आणि पूल ओलांडल्यापासून त्यांनी जागेच्या वाटणीचा विषय काढला. मागून एकजण मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून येत होता. तोंडानं चांगभलं चालू होतं, पण कपाळावरची आठी काही जाईना.

अंबाबाई जोतिबाला परत बोलवायला अनवाणी चालत गेली, म्हणून आम्हीही अनवाणी. कुशिऱ्याच्या अलीकडे टाचेचा फोड फुटला. डांबर तापलेलं. पाऊल टेकलं की डोळ्यांत पाणी येई.

रस्त्याकडेला एक बाई वैरण कापत होती. खुरपं तसंच टाकून ती आली.

"बसा की ताई. पाक सोलून निघालंय की वो!"

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं गोठ्यातून पाण्याची कळशी आणली. स्वतःच्या हातानं माझा पाय धुतला. हळद-तेल लावलं, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बांधली. मला फार संकोच वाटत होता. तिचं मात्र बोलणं चालू होतं.

"सकाळी डॉक्टर बघून गेला. म्हस गाभण हाय म्हणला. दोनदा उलाटली हुती, गाभ ऱ्हाईना. आता दसऱ्याच्या आसपास ईल."

हे सांगताना तिचं तोंड असं फुललं होतं, की मी पाय विसरून बघत राहिले. तिनं मला उठवून गोठ्यात नेलं आणि म्हैस दाखवली. पाठीवर हात फिरवायला लावला.

मी दर खेट्याला देवापुढे यादी घेऊन जाते. मुलाला नोकरी लागली की मला बरं वाटेल, कर्ज फिटलं की बरं वाटेल. कितीतरी वर्षं माझा आनंद असा पुढच्या तारखेवर पडलाय. या बाईच्या म्हशीला व्यायला अजून सात-आठ महिने होते, पण तिला आनंद आजच झाला होता.

गायमुख, चढ, गर्दी. रांगेत मागचे आजोबा नातवाला सांगत होते, देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं. गाभाऱ्यात ढकलाढकल, "पुढं चला, पुढं चला". मूर्तीसमोर उभी राहिले आणि यादीतलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, देवा, तिच्या म्हशीला रेडीच होऊ दे.

बाहेर गुलालानं लाल झालेल्या फरशीवर आम्ही डबे सोडले. जाऊबाई पुन्हा वाटणीवर आल्या. मी म्हटलं, आधी खर्डा वाढा. खाऊन बघितला. फार चांगला झाला होता, तसं त्यांना सांगितलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. त्या जरा थांबल्या. मग मिरच्या कुठल्या बाजारातून आणल्या, तव्यावर किती वेळ भाजल्या, शेंगदाणे कधी घातले, सगळं सांगू लागल्या, आणि मी आणखी एक भाकरी मागून घेतली.